शाळा, शाला आणि शाया

शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलेला पालक मला दारातूनच ओळखू येतो. मुलाचं नाव घालायला आलेला माणूस आत येऊन खुर्ची ओढतो, भिंतीवरचे तक्ते बघतो, पोरांचा गलका ऐकून हसतो. दाखल्याचा माणूस उंबऱ्याशीच थांबतो. बसा म्हटलं तर "गडबडीत आहो जी" म्हणतो, नजर टेबलावर ठेवतो आणि न विचारता शाळेची स्तुती सुरू करतो. "शाळा तर चांगलीच आहे तुमची मॅडम, पण..." हा 'पण' ऐकला की मुख्याध्यापक घाईघाईने चहा मागवतो.

तो का मागवतो, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेचा जीव पटात असतो. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. पट घसरला की एक शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की दोन वर्ग एका खोलीत बसतात. ते बघून आणखी चार घरं आपली मुलं इंग्रजी शाळेच्या, म्हणजे कॉन्व्हेंटच्या, गाडीत बसवतात, आणि एक दिवस वरून विचारणा येते की ही शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिळवून का टाकू नये. म्हणून दाखला मागणाऱ्या माणसाला आम्ही चहा पाजतो, त्याच्या म्हशीची चौकशी करतो, केंद्रप्रमुख साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून सांगतो. काय वाटेल ते करतो, पण तो का चालला आहे एवढं मात्र विचारायचं राहून जातं.

मी मूळची तिवस्याची. नोकरीची सुरुवात अमरावती जिल्ह्यात झाली. नवऱ्याचं काम अकोल्याला निघाल्यावर बदली मागून घेतली आणि बार्शीटाकळीच्या आतल्या बाजूला एका गावात मुख्याध्यापक म्हणून गेले. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. गावाचं नाव देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. त्यांना कळलं तर ते मला फोन करून नावं का बदलली म्हणून रागावतील, हेही मला माहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि उंबऱ्याशी रफिकभाई येऊन थांबले. गावात त्यांचं गादी-रजई भरून द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचाच पुढचा पत्र्याचा भाग. आत कापूस पिंजायचं मशीन आणि छतापर्यंत रुईचा ढीग. थंडी सुरू झाली की त्यांना जेवायला सवड नसते, म्हणून भर हंगामात ते शाळेत आलेले बघूनच मी ओळखलं.

"शाळा चांगली आहे मॅडम तुमची," ते म्हणाले. "पण अयानचा दाखला पायजे होता."

अयान त्यांचा मुलगा, तिसरीत. बारीक चणीचा, मोठ्या डोळ्यांचा, वर्गात असून नसल्यासारखा. त्याची आत्या अकोल्याला जुन्या शहरात राहते. तिच्याकडे ठेवून त्याला तिथल्या कॉन्व्हेंटात टाकायचं ठरलं होतं.

मी चहा सांगितला नाही. मशीनची चौकशीही केली नाही. का कोण जाणे, त्या दिवशी सरळ विचारलं, "रफिकभाई, काय झालं?"

ते आत आले. मग खुर्चीवर बसले. "सकाळ झाली का पोरगं पेट धरून बसते. म्हणते, अब्बू, दुखता. डॉक्टरले दाखवलं, त्यायनं काही नाही म्हटलं. रविवारी दुखत नाही. सुट्टीत एक दिवस दुखलं नाही. मले कळत नाही मॅडम, पण शाळेतच काही तरी आहे."

असं बोलायला पालकाला किती जड जातं, ते आमच्या पेशातल्या माणसाला कळतं. मुख्याध्यापकाच्या तोंडावर 'तुमच्या शाळेत काही तरी आहे' म्हणायचं, आणि ते काय हे मात्र सांगता येत नाही. मी त्यांना म्हटलं, "पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबा. मी बघते. त्या दिवशीही तुम्हाला दाखला हवाच असेल तर मी स्वतः लिहून देईन, अडवणार नाही."

तिसरीचा वर्ग वानखडे सरांकडे होता. सर मनाने सरळ माणूस. स्वतःच्या खर्चाने रंगीत खडू आणायचे, मधल्या सुट्टीत मुलांबरोबर विटी-दांडू खेळायचे. मी अयानबद्दल विचारलं तर त्यांनी वाचनाच्या पडताळणीचा तक्ता पुढे ठेवला. ही पडताळणी सोपी असते. एकेका मुलाला जवळ बसवायचं. आधी सुटी अक्षरं दाखवायची, मग शब्द, मग वाक्यं, मग छोटा उतारा. मूल जिथे अडतं तिथे त्याची खूण करायची. अयानची खूण अगदी पहिल्या पायरीवर होती. अक्षरं ओळखत नाही.

"कितीही विचारा, तोंडच उघडत नाही," सर म्हणाले. "मी तरी काय करू."

मी तक्ता पुढे वाचत गेले. अयान एकटा नव्हता. तिसरी-चौथीतली बरीच मुलं शब्दांपर्यंत येऊन थांबली होती. हे आम्हा शिक्षकांना माहीत होतं, वर कळवलेलं होतं. ज्यांची ती मुलं होती, त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. त्यांना आम्ही वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तक देत होतो आणि त्यात 'समाधानकारक' असं लिहीत होतो.

"हे पालकांना सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

सरांनी तक्ता माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "मॅडम, सांगितलं तर उद्या रांग लागेल दाखल्यांची. मग शिकवायचं कोणाला? त्यापेक्षा गुपचूप मेहनत करू ना, वर्षभरात आणू वर."

त्यांची भीती खोटी नव्हती. मीही त्याच भीतीने इतकी वर्षं चहा पाजत आले होते.

संध्याकाळी मी रफिकभाईंच्या दुकानात गेले. मशीन चालू होतं, सगळीकडे रुई उडत होती, आणि अयान नव्याने भरलेल्या गादीवर पालथा पडून पाय हलवत होता. शाळेत मी त्याला असं सैल अंगाने पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी रफिकभाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की आमच्या तपासणीप्रमाणे अयानला अजून अक्षरं येत नाहीत.

त्यांनी मशीन बंद केलं. "अक्षरं येत नाहीत? मॅडम, थो तर मले रोज पेपर वाचून दाखवते." रजया गुंडाळायला ते अकोल्याहून मराठी पेपरची रद्दी आणत. त्यातला एक कागद त्यांनी ओढला. "क्या रे अयान, पढ के बता मॅडम को."

अयान उठून बसला. माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. मग कागद डोळ्यांसमोर धरून बारीक आवाजात वाचायला लागला. "अकोल्यात मुसलधार पाऊस. नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले. फलबागांचे मोठे नुकसान." अडखळत नव्हता. जोडाक्षरंही सुटत नव्हती. फक्त मुसळधार त्याच्या तोंडून मुसलधार येत होतं आणि फळबाग फलबाग. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर 'ळ' कुठून असणार.

"अरे, किती छान वाचतोस," मी म्हटलं. "वर्गात का नाही वाचत?"

तो कागदाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "हसतात."

"कौन?" बापाने विचारलं.

"सब."

"पहले कौन? नाम बोल."

मी मधे पडले. "रफिकभाई, नाव राहू द्या. ते माझ्याकडे लागलं." एका घरच्या मुलाबद्दल दुसऱ्या घरी बोलायचं नाही, हा नियम मी नोकरीत कसोशीने पाळला. गाव लहान असतं. मुलांची भांडणं मधल्या सुट्टीत संपतात, पण मोठ्यांच्या कानी गेली तर पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

दुसऱ्या दिवशी मी तिसरीच्या वर्गात मागे जाऊन बसले. मुख्याध्यापक मागे बसले की पहिला थोडा वेळ मुलं ताठ बसतात, नंतर विसरतात. सरांनी अयानला उभं केलं. त्याने तोंड उघडायच्या आधीच पुढच्या बाकावरून कोणी तरी हळूच म्हणालं, "शाला." वर्ग फिस्सकन हसला. अयान खाली बसला. सरांना फक्त हसू ऐकू आलं. ते म्हणाले, "ए, गप्प बसा," आणि पुढे गेले. 'शाला' म्हणणारी प्राची होती.

प्राची म्हणजे वर्गाची पुढारी. दोन घट्ट वेण्या, खणखणीत आवाज, प्रार्थना तीच सांगायची. तक्त्यावर तिची खूण वाक्यांच्या पुढे, उताऱ्यापाशी होती. सरांनी तिला धडा वाचायला सांगितला. तिने घडाघडा वाचला. मला एकच गोष्ट खटकली. वाचता वाचता तिने पान उलटलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी तिला माझ्या खोलीत बोलावलं, शेंगदाणे दिले आणि तिने न पाहिलेलं एक गोष्टीचं पुस्तक पुढे ठेवलं. तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मग ते बोट तिथेच राहिलं. तिचे डोळे भरून आले तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "शेंगदाणे खा." दोन वर्षं ती पोरगी प्रत्येक धडा, पडताळणीचा उतारासुद्धा, कानाने पाठ करून तगली होती. ज्या मुलाला खरोखर वाचता येत होतं त्याने तोंड उघडू नये, ही तिची गरज होती. ती दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. तिचंही पोट दुखत असणार, फक्त तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे आमच्या तक्त्यावर वाचणारा मुलगा तळाला होता आणि न वाचणारी मुलगी वर. मी सरांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी तक्त्यावरच्या त्या दोन्ही खुणा खोडल्या. मग म्हणाले, "बोलवा पालकांना."

पालकसभा बोलावली तर कोणी आलं नाही. कसं येणार? कापूस वेचणीचे दिवस. बायका उजाडायच्या आत गाडीत बसून वावरात जातात आणि दिवेलागणीला परततात. आम्ही दुपारी सभा ठेवायची, रिकाम्या सतरंजीकडे बघायचं आणि 'पालक उदासीन आहेत' असं इतिवृत्तात लिहायचं, ही रीत. या वेळी मी तो कागद बाजूला ठेवला आणि दुपारच्या भाकरीच्या वेळी सरांच्या मोटरसायकलवर मागे बसून वावरात गेले.

बाभळीखाली बायका भाकरी सोडून बसल्या होत्या. मला बघून त्यांना वाटलं, कोणाच्या पोराला काही लागलं. एक जण तर घास टाकून उभीच राहिली. मी आधी सांगितलं, पोरं सगळी बरी आहेत. मग खाली बसले, कोणी तरी माझ्या हातावर ठेचा आणि भाकरीचा तुकडा ठेवला, आणि खाता खाता मी बोलायला लागले. वाचन कसं तपासतात ते सांगितलं. गावातली बरीच मुलं शब्दांपर्यंत येऊन थांबली आहेत, हे सांगितलं. कोणाचं मूल कुठे आहे ते एकेकीला बाजूला घेऊन सांगेन, सगळ्यांसमोर नाही, हेही सांगितलं.

प्राचीची आई सुनीता तिथेच होती. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. मी तिला घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, थोडी पुढे गेले आणि सांगितलं. ती चालता चालता थांबली.

"म्हनजे प्राचीले वाचता येत नाई?"

"धडा येतो, पाठ आहे. नवीन पान दिलं की अडते."

"तिसरीत हाय पोट्टी माही," सुनीता म्हणाली. "रोज शायेत पाठोतो म्या तिले. आंगात कणकण असली तरी पाठोतो. मंग तुमी काय करून राहिले होते?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "शिकवत होतो. तिला समजतंय की नाही ते नीट पाहिलं नाही. आणि जे दिसलं ते तुम्हाला सांगितलं नाही."

ती कापसाच्या बोंडांकडे बघत राहिली. "मी सातवी शिकेल हावो मॅडम. मले वाचता येते. पन तिच्यासमोर पुस्तक धरून म्या एक दिवस पाह्यलं नाई. घरी येतो, सयपाक करतो, अन् डोये मिटतात." आमच्याकडे बायकाही 'येतो, करतो' असंच म्हणतात. ती म्हणाली तेव्हा त्यात रडगाणं नव्हतं, हिशेब लावल्यासारखं होतं. माझी चूक एवढी, तुमची एवढी.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. प्राची एका मुलाला बोलू देत नाही, त्याच्या बोलण्याची नक्कल करते, आणि तो मुलगा शाळेला भिऊ लागला आहे.

"कोनाच्या पोराले?"

"ते मी सांगणार नाही."

सुनीता पहिल्यांदा थोडी हसली. "नोका सांगू. मले माहीत हाय. घरी पन करून दाखोते ते."

परत येताना सर मोटरसायकल हळू चालवत होते. म्हणाले, "माझं नाव घेतलं का त्यांच्यासमोर? तिसरी माझ्याकडे आहे म्हणून?"

"नाही घेतलं."

"ठीक," ते म्हणाले. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "मग मीच घेतो पुढच्या सभेत."

बाजाराच्या दिवशी रफिकभाई आले. मी दाखला लिहायची तयारी ठेवली होती, कारण शब्द दिला होता. पण ते उंबऱ्याशी थांबले नाहीत. आत येऊन खुर्ची ओढून बसले आणि हसायला लागले. त्यांनी सांगितलं ते असं.

आदल्या संध्याकाळी सुनीता वावरातून येऊन तशीच त्यांच्या दुकानात आली. सोबत प्राची, मान खाली घातलेली. रफिकभाईंना वाटलं, गादी भरायची असेल. त्यांनी कापूस कुठला भरायचा म्हणून विचारलंसुद्धा. सुनीता म्हणाली, "गादी नाई भाऊ. पोट्टीले मापी मागाची हाय." अयान हे ऐकून रुईच्या ढिगामागे गेला. प्राचीने ढिगाकडे तोंड करून माफी मागितली. ढिगातून काही उत्तर आलं नाही.

मग सुनीताने विचारलं, "पन तू त्याले हासतं कावून?"

"थो शाला म्हणते," प्राची म्हणाली.

"अन् तू काय म्हनतं?"

"शाया."

"अन् पुस्तकात काय हाय?"

प्राचीला सांगता येईना. ढिगामागून अयानचा आवाज आला, "श ला काना, अन् ते दोन गोलवालं अक्षर, त्याला काना." 'ळ' तो अचूक ओळखत होता, म्हणता फक्त येत नव्हता.

सुनीता म्हणाली, "आमी शाया म्हनतो, थो शाला म्हनते, पुस्तकात तिसरंच हाय. मंग हासाचं कोनी कोनाले?"

हे सांगताना रफिकभाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं, आणि मग मलाही हसू आवरेना. माझी आई शेवटपर्यंत शाया म्हणाली. डोळ्याला डोया, जवळला जवय. तिवस्याहून अमरावतीला डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्याच पाठाला मी वर्गात फळ्याला 'फया' म्हटलं आणि मागच्या रांगेतून हसू आलं. त्यानंतर कित्येक महिने मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन जीभ वळवायचा सराव केला. अयानच्या पोटात काय दुखत होतं ते मला दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त कळायला हवं होतं.

"मग दाखला?" मी विचारलं.

"राहू द्या तूर्त. थो म्हणते, प्राची रोज येणार आहे, मग मी अकोल्याले कसा जाऊ." ठरलं होतं असं, की सुनीता वावरातून येऊन स्वयंपाक आटोपेपर्यंत प्राचीने दुकानात बसायचं, आणि दोघांनी मिळून रद्दीचे पेपर वाचायचे.

मी अधूनमधून जाऊन बघायची. अयान एकेका शब्दाखाली बोट धरायचा आणि प्राची वाचायची. चुकली तर तो हसायचा नाही, नुसतं बोट मागे न्यायचा. 'ळ' मात्र दोघांनाही येत नव्हता. त्यासाठी मी त्यांना जीभ वळवून टाळूला कशी लावायची ते दाखवलं, आणि ती दोघं अंगभर रुई लागलेली, तोंड वाकडं करून 'ळ ळ ळ' करत बसायची. रफिकभाई म्हणायचे, "मॅडम, मशीनचा आवाज बरा होता." शाळेतही मी तिसरी-चौथीला एक पूर्ण तास फक्त 'ळ'चा घेतला. आधी स्वतःच्या आईचं बोलणं सांगितलं. मग गावात कोण कसं बोलतं ते मुलांना विचारलं. त्या तासाला सगळा वर्ग हसला, पण एकट्या कोणाला नाही.

अयानचं पोट एकदम थांबलं नाही. मधूनमधून दुखायचं. पण आता दुखलं की रफिकभाई मला फोन करायचे, आणि आदल्या दिवशी वर्गात काय झालं ते मी सरांना विचारून सांगायची. कधी गणिताची भीती निघायची, कधी खिचडीत आलेला खडा. आपल्या मुलाचे अर्धे तास घरात जातात आणि अर्धे शाळेत, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलली नाहीत तर पूर्ण मूल कोणालाच दिसत नाही. एवढी साधी गोष्ट मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळली, याचं वाईट वाटतं.

पालकसभा आम्ही दिवेलागणीनंतर ठेवायला लागलो. पहिल्या सभेला वानखडे सर उभे राहिले आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "तिसरी माझ्याकडे आहे. जे झालं ते माझ्या वर्गात झालं. काय करणार आहे ते सांगतो." दोन घरांनी तरीही दाखले नेले. मी ते लिहून दिले. सरांना फार लागलं, मलाही. पण रांग लागली नाही.

फाटकाशी एक फळा लावला. दर सोमवारी त्यावर आम्ही लिहायचो. या आठवड्यात काय शिकवणार, कुठे मागे आहोत, काय दुरुस्त झालं, काय नाही. मोबाइलचा ग्रुपही होता, पण त्यात सुविचार आणि फुलंच फार यायची, आणि कित्येक घरांत फोन बापाच्या खिशात असायचा. फळा सगळ्यांचा होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना त्यांची पोरं वाचून दाखवायची, आणि त्या निमित्ताने आमची फुकट पडताळणी व्हायची. 'भागाकारात तिसरी मागे आहे' हे वाक्य सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला.

पुढच्या वर्षी सुनीता शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाली. त्याच वर्षी अकोल्याहून एक अधिकारी तपासणीला आले. न सांगता आले. त्यांची पद्धत अशी, की कागद बघायच्या आधी पालकांशी बोलायचं. सुनीता त्या दिवशी खिचडीची चव बघायला आली होती. साहेबांनी तिलाच गाठलं.

"शाळा कशी आहे बाई?"

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं. चांगली आहे साहेब, शिक्षक चांगले आहेत साहेब. मी आणि सर शेजारीच उभे होतो.

"चांगली हाय," सुनीता म्हणाली. "पन पोरींच्या मुतारीचं दार लागत नाई. म्हून पोरी दिवसभर पानीच पेत नाई. दोन डाव अर्ज देल्ला. चौथीच्या पोट्ट्यांले भागाकार जमून नाई राहिला, त्याच्यासाठी हे सर सकायी लवकर येतात. दुसरीतली एक पोरगी गप गप राह्यते. तिच्या घरी मॅडम जाऊन आल्या. काय झालं ते आमी इचारत नाई, पन तिच्यावर ध्यान हाय आमचं."

सर छपराकडे बघायला लागले. साहेबांनी चष्मा काढला.

"हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मॅडमनं. फाटकावर लिहून असते."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांना राग आला आहे की गंमत वाटते आहे, ते मला कळेना. मग पुन्हा सुनीताकडे वळून त्यांनी विचारलं, "एवढं सगळं माहीत असून मुलीला इथं का ठेवलं? कॉन्व्हेंटची गाडी तर गावातूनच जाते ना?"

सुनीताला तो प्रश्न बहुधा विचित्रच वाटला. "त्या गाडीत पोट्टी बसोली का तिकडं तिचं काय चालू हाय ते मले कोन सांगते साहेब? इथलं समदं माहीत हाय मले. म्हून ठेवलं."

फायली बाहेर काढून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे साहेबांनी पाहिलं नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "ते मुतारीचं दार कुठं आहे, दाखवा बरं."

सुनीता पुढे निघाली.